ज्याचं पत्र त्यानेच काढायचं

एबेनफील्ड, ओहायो
४ ऑक्टोबर २०१५

प्रिय व्हर्नामावशी,

प्रभूच्या नावे नमस्कार. ऑगस्टमध्ये तू आवर्जून घरी येऊन मला बघून गेलीस, पीच भरून भाजलेला गोड पाय आणलास, त्याचे आभार मानायचे राहिलेच. तेव्हा मला दोन वाक्यं सलग बोलवत नव्हती. आता बोलवतात, म्हणून लिहितेय.

बाळ एप्रिलमध्ये झालं आणि आठवड्याभरात मला श्वास पुरेना. सगळे म्हणाले, दुसरं बाळंतपण आहे, थकवा असणार. शेवटी कळलं की बाळंतपणाने हृदयच कमजोर झालंय. चालतंय, पण निम्म्या जोराने. डॉक्टरीणबाईंनी लोरेनला आणि मला, दोघा नवरा-बायकोला, समोर बसवून सांगितलं: औषधांनी सावरशील, पण पुन्हा दिवस राहिले तर त्यातून उठशील याची हमी मी देणार नाही. गोळ्या मला चालत नाहीत, रक्ताच्या गुठळ्या होतात. ऑपरेशनसाठी भूल देणं सध्या नको. तांबी बसवून घे म्हणाल्या, आणि लवकर.

आता खरं कारण. मी नऊ वर्षं मर्लमामाच्या कारखान्यात नूडल्स पिशव्यांत भरतेय, विमा तिथलाच. त्यात सगळं बसतं, ही एक गोष्ट बसत नाही. मामाचं म्हणणं, तांबीने नुकताच रुजलेला जीव मरतो आणि देवभीरू माणसाने त्याला पैसा पुरवू नये. बरं, नको पुरवू. त्याच्यासारख्या मालकांसाठी सरकारने वाट काढलीय: दोन ओळी लिहून द्यायच्या, ‘हे आमच्या श्रद्धेत बसत नाही.’ मग विमा कंपनी आपल्या पदरचा खर्च करते. मामा त्या दोन ओळीही लिहून देत नाही. म्हणतो, मी लिहिल्यामुळे ते घडणार, म्हणजे मीच ते घडवलं. त्यावरून तो चक्क कोर्टात गेलाय. कोर्टकज्जे निषिद्ध मानणाऱ्या आपल्या मेनोनाइट पंथातलं कोणी कोर्टाची पायरी चढल्याचं तू कधी ऐकलं होतंस?

आम्हाला आमच्या खिशातून हे जमणार नाही, मागच्या दवाखान्याचंच अजून फिटायचंय. लोरेन दुधाचा टँकर चालवतो, त्याला विमा कसला! आजोबांनी कारखाना तुम्हा भावंडांच्या नावे केला. आईचा वाटा तिच्या आजारपणात मामाने घेतला, पण तुझा आणि एडनामावशीचा आहे. तू थोरली. तुझ्यापुढे मामा आवाज चढवत नाही. त्या दोन ओळींसाठी त्याच्याशी बोलशील?

तुम्हा भावंडांच्या पत्रांच्या फिरत्या पाकिटात आई गेल्यावर रिकामी राहिलेली जागा मला दिलीत असं एडनामावशीकडून कळलं. बरं वाटलं.

तुझी,
डॉर्कस

---

मूनरिज, कान्सस
१९ ऑक्टोबर २०१५

माझी लाडकी डॉर्कस,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोनदा प्रार्थना केली. इथे पेरण्या झाल्या. चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी तीनशे व्हेरेनिके, त्या चीज भरलेल्या करंज्या, करून विकल्या, माझ्या मात्र अजूनही उकलतात. चाळीस वर्षं झाली इथे येऊन, तरी मी यांच्यासाठी ‘ओहायोवाली’च.

तुझ्या दुखण्याचं वाईट वाटतं. पण पोरी, मर्लवर रागावू नकोस. तो कुणाचा मुलगा आहे ते विसरू नकोस. दुसऱ्या महायुद्धात बंदूक धरायला नकार दिला म्हणून बाबांना चार वर्षं छावणीत बिनपगारी जंगलातल्या आगी विझवाव्या लागल्या. डाव्या हाताची दोन बोटं तिथेच गेली. गावातले लोक आईच्या अंगणात पिवळा रंग, भेकडांचा रंग म्हणून, ओतून जायचे. मनाचा कौल पाळणं आपल्या रक्तातच आहे.

मी इतक्या लांबून कारखान्याच्या कारभारात काय लुडबुड करणार? आपली रीत तुला ठाऊक आहे: नातलगाशी मतभेद झाला तर आधी आपण एकट्याने जाऊन त्याला सांगायचं. तू जा त्याच्याकडे. त्याचं काळीज मऊ आहे.

पैसे मी दिले असते, पण मर्लने मला ती तांबी आत काय करते ते समजावून सांगितलंय, आणि माझ्या हाताने ते व्हायला नको. त्याऐवजी एक चांगला थर्मामीटर आणि तक्ते पाठवतेय. रोज सकाळी उठायच्या आधी लावायचा, कोणते दिवस टाळायचे ते त्यावरून कळतं. देवाने बाईच्या अंगातच कॅलेंडर घालून दिलंय, आपल्याला ते वाचता यायला हवं.

पाकीट माझ्याकडून तुला नाताळच्या सुमारास येईल. शिरस्ता सांगून ठेवते: आपलं जुनं पत्र काढायचं, नवं ठेवायचं आणि पुढे धाडायचं. तू ते एडनाला पाठवायचं, ती मर्लच्या आर्लीनला, आर्लीन पुन्हा मला. दुसऱ्याच्या पत्राला हात लावायचा नाही, ज्याचं पत्र त्यानेच काढायचं. त्यामुळे तुझ्या आईचं शेवटचं पत्र दोन वर्षं तसंच फिरतंय. कुणाचा हात झाला नाही. ते तूच काढ, लेकीचाच तो हक्क.

प्रेमाने,
व्हर्नामावशी

---

एबेनफील्ड
८ नोव्हेंबर २०१५

प्रिय मावशी,

गेले होते. ऐक.

मामाने मला आत घेतलं, दार लावलं, मग परक्या बाईबरोबर बंद दाराआड बसणं बरं दिसत नाही म्हणून पुन्हा उघडलं. मी परकी नाही, पण ती त्याची सवय. त्यामुळे माझ्या गर्भाशयाची कथा पॅकिंगमधल्या ग्लॅडिसने ऐकली आणि पुठ्ठ्याची खोकी घेऊन आलेल्या ट्रकवाल्यानेही. भिंतीवर आजोबांचा छावणीतला फोटो, हातात फावडं. त्याच्याखाली बसून मी बोलले.

मामा रडला, मावशी. खोटं नाही सांगत. माझे दोन्ही हात धरून त्याने प्रार्थना केली. मग म्हणाला, “पोरी, तुला काही झालंच तर तुझी दोन्ही लेकरं मी माझ्या घरी वाढवीन. शब्द देतो.”

मी म्हटलं, “मामा, त्यांना वाढवायला मी राहावं, एवढंच मागायला आलेय.”

“ते देवाच्या हातात आहे. पण त्या कागदावर सही नको मागूस. मला एक दिवस वर जाऊन उत्तर द्यायचंय.”

“मलाही द्यायचंय. फक्त तुझ्याआधी पोचायची घाई नाही.”

हसला नाही. आई असती तर हसली असती. मग मी कोर्टाचं काढलं. शेजाऱ्याने कुंपण चार फूट आत सरकवलं तेव्हा आजोबा कोर्टात गेले नाहीत, जमीन सोडून दिली, ही गोष्ट यानेच आम्हाला रविवारच्या शाळेत दहा वेळा सांगितलीय. तर म्हणतो, “आम्ही भांडायला गेलो नाही, संरक्षण मागायला गेलो. आणि हे माझं एकट्याचं नाही. घरातल्या सगळ्या भागीदारांनी लिहून दिलंय.”

“सगळ्यांनी म्हणजे?” मी विचारलं, तर त्याला एकदम पिठाच्या गाडीची आठवण झाली.

मावशी, सगळ्यांनी म्हणजे कोणी? एडनामावशी मामा म्हणेल तिथे सही करते, ते मला माहीत आहे. तू नसणार. असतीस तर मागच्या पत्रात मला सांगितलं असतंस.

लोरेनने स्वतःचंच ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलंय. तेही विम्यात नाही, पण वूस्टरचा एक दवाखाना हप्त्याने करतो. नंबर मार्चमधला लागलाय. तोवर तो सोफ्यावर, मी खाटेवर आणि मध्ये तुझा थर्मामीटर.

तुझी,
डॉर्कस

---

मूनरिज
२ डिसेंबर २०१५

लाडक्या डॉर्कसला,

घाईत लिहितेय. इथे बर्फ पडलं, खिडक्या थरथरतायत. मसाल्याची बिस्किटं भाजली, एक डबा तुलाही पाठवलाय, फुटली असतील तर दुधात घाल. एडनाच्या गुडघ्याचं ऑपरेशन छान झालं.

मर्लने तुझ्यासाठी प्रार्थना केली हे वाचून समाधान वाटलं. कारखान्याचे कागदपत्र फार किचकट असतात, तू त्यात डोकं शिणवू नकोस, तुझ्या प्रकृतीला बरं नाही. थर्मामीटर लावतेस ना? रोज एकाच वेळी लाव.

पाकीट आजच निघतंय. टपालवाला अंगणात आलाय, तेव्हा पुरे करते.

व्हर्नामावशी

---

एबेनफील्ड
२० डिसेंबर २०१५

व्हर्नामावशी,

पाकीट मिळालं. आईचं पत्र काढलं. एकेचाळीस बाटल्या टोमॅटो भरल्याचं लिहिलंय, आणि खाली ‘डॉर्कस बरीच मदत करते, तोंड मात्र बंद ठेवत नाही.’ खूप वेळ हातात धरून बसले.

मग तुझं पत्र वाचायला घेतलं, तर तुझी दोन निघाली. टपालवाला अंगणात आला होता ना. नवं ठेवलंस, जुनं काढायला विसरलीस.

तुझं सप्टेंबरचं पत्र इथे उतरवून देते, तू काय लिहिलंयस ते तुला आठवावं म्हणून: ‘मर्लच्या ऑफिसात वकिलासमोर आम्ही तिघांनी सह्या केल्या. आपल्या रीतीप्रमाणे शपथ घेतली नाही, नुसतं खरं सांगतो असं म्हटलं. सगळं घर एकदिलाने उभं राहिलं. बाबा असते तर त्यांचा ऊर भरून आला असता. नंतर आर्लीनने पीचचा पाय दिला, इतका होता की उरलेला मी डॉर्कसकडे घेऊन गेले.’

मी तो पाय खाल्ला, मावशी. त्या दुपारी तुमच्यापासून दोन मैलांवर पाठीशी तीन उशा घेऊन बसले होते. सही करून तू सरळ माझ्याकडे आलीस, माझ्या केसांवरून हात फिरवलास, ‘किती वाळलीस गं’ म्हणालीस. वर मी पत्राने तुझे आभार मानले!

आणि तू मला आजोबा सांगतेस? आजोबांनी मनाचा कौल पाळला आणि त्याची किंमत स्वतःच्या अंगाने चुकवली. बोटं त्यांची गेली. शेजारच्या बाईची बोटं कापून दिली नाहीत त्यांनी. मामाच्या कौलाची किंमत मामा देत नाहीये, तू देत नाहीयेस. माझ्या अंगातून वसूल करताय आणि वर एकदिलाने पाय खाताय.

एवढंच सांग: सही करताना मी तुला आठवले का?

दोन दिवस सकाळी मळमळतंय. रागाने असेल.

डॉर्कस

---

मूनरिज
५ जानेवारी २०१६

डॉर्कस,

तू विचारलंस म्हणून खरं लिहिते. माझ्या वयात खोटं पेलवत नाही.

तुझ्या हृदयाचं मला तेव्हा माहीत होतं. पण त्या कागदावर ‘कर्मचारी’ असा शब्द होता. ‘आमच्या कर्मचाऱ्यांना अशा साधनांसाठी’ वगैरे. तू कर्मचारी आहेस हे माझ्या मनातच आलं नाही. तू माझ्या बहिणीची, लोइसची डॉर्कस. वकिलाने बोट ठेवलं तिथे मी सही केली आणि मग तुला बघायला निघाले, आणि या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघाव्यात असं मला सुचलं नाही. तुझं ऑक्टोबरचं पत्र आलं तेव्हा सुचलं. तेव्हा सांगायचा धीर झाला नाही.

जीव मारायला हातभार लावू नये, असं मला आजही वाटतं. पण तुझाही जीवच आहे, हे मर्लने समजावताना मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

मला क्षमा कर. मी मर्लला लिहिते. सही मागे घेते.

एक विनंती आहे. माझं ते जुनं पत्र पाकिटातून काढ आणि शेगडीत टाक. ते तसंच पुढे गेलं तर ते तुझ्या वाचनात आलं हे आर्लीन ताडेल आणि घरात उगाच तडा जाईल.

तुझी मावशी

---

मूनरिज
२१ फेब्रुवारी २०१६

लाडक्या डॉर्कस,

तुझं उत्तर नाही. टपाल गहाळ झालं असेल असं मनाला सांगतेय.

मर्लला लिहिलं होतं. त्याचा फोन आला. वकील म्हणतो, एका भागीदाराने आत्ता अंग काढून घेतलं तर घराची श्रद्धाच खोटी होती असं दिसेल, उन्हाळ्यात निकाल लागेपर्यंत थांबा. तो इतका कळवळून बोलला की मी जूनपर्यंत थांबायचं कबूल केलं. तोवर तुझा लोरेनही मार्चमध्ये मोकळा होईल, म्हणजे प्रश्न तसाही सुटेल.

एडना म्हणते, तू कामावर येत नाहीस. तिला कुणी नीट सांगत नाही. पाकीटही तुझ्याकडेच अडलंय, आर्लीनने दोनदा विचारलं. ते माझं पत्र काढलंस ना? तेवढं तरी कळव.

व्हर्नामावशी

---

क्लीव्हलंड, दवाखान्यातून
१५ मे २०१६

मावशी,

एका दमात होत नाही, म्हणून हे पत्र तीन दिवस लिहितेय.

नोव्हेंबरच्या आभारदिनाला तुझ्या तक्त्याप्रमाणे सगळं ठीक होतं. अंगावर पाजणाऱ्या बाईचं ते कॅलेंडर वाचता येत नाही, असं डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या. आम्ही नवरा-बायको आहोत, दोन महिने वेगळे झोपलो होतो, घरात टर्कीचा वास होता आणि दोन्ही पोरं एकदाची झोपली होती. मी तुला दोष देत नाही, असं लिहिणार होते. देते.

जानेवारीत तू क्षमा मागितलीस तेव्हा मला कळून पंधरा दिवस झाले होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, अजून वेळ आहे, थांबवायचं का? लोरेन माझ्याकडे न बघता म्हणाला, तू म्हणशील तसं. मी नाही म्हटलं. मलाही मनाचा कौल आहे, मावशी. तुमच्याच घरात वाढलेय. फक्त माझा कौल मी माझ्या जिवावर दिला, दुसऱ्या कुणाच्या नाही. या घरात आजोबांनंतर तसं करणारी मी एकटीच.

मार्चचा नंबर लोरेनने रद्द केला नाही. मला पाचवा महिना लागत होता. जाऊन आला आणि गाडीतच बसून राहिला.

एप्रिलच्या शेवटी मला निळी पडलेली पाहून हेलिकॉप्टरने इथे आणलं. मुलगा होता. चौदा तास होता. नाव ठेवलं, एझ्रा. माझं हृदय आता पाचातला एक भाग चालतं. यंत्र बसवायचं म्हणतात, त्यानंतर दुसऱ्या कुणाचं हृदय मिळालं तर ते. मिळेलच असं कुणी म्हणत नाही.

मामा येऊन गेला. आर्लीनने चिकन-नूडल्सचं मोठं भांडं दिलं होतं, आपल्याच कारखान्याच्या नूडल्स. पुन्हा रडला. म्हणाला, “काळजी करू नकोस, हेलिकॉप्टर, यंत्र, बाळाचं सगळं विम्यात बसतं. तुला एक डॉलर पडू देणार नाही.” त्याला वाटलं, मला धीर येईल. लोरेन उठून बाहेर गेला. मी मामाला विचारलं, “ती तांबी या हेलिकॉप्टरपेक्षा महाग होती का रे?” तो म्हणाला, “हा पैशाचा प्रश्न कधीच नव्हता, डॉर्कस.” तेवढं मात्र त्याचं खरं आहे.

मग त्याने मला विचारलं, तुझ्या मनात राग नाही ना? आपल्यात क्षमा मागितली की समोरच्याने लगेच काढून द्यायची असते, जेवताना मीठ मागितल्यासारखी. मी म्हटलं, मला दम लागलाय. तो समजूतदारपणे निघाला.

आता पाकिटाचं. ते जवळजवळ पाच महिने फ्रीजवर पडून होतं. परवा लोरेनकडून मागवून घेतलं. तुझं जुनं पत्र मी काढलेलं नाही. तूच मला शिरस्ता शिकवलास, ज्याचं पत्र त्यानेच काढायचं. ते जसंच्या तसं आत आहे, वकील, सह्या, पाय सगळं. त्याच्या शेजारी माझं ठेवलंय. त्यात मी तुला विचारलेलं, तू मला सांगितलेलं आणि एझ्राचे चौदा तास एवढंच आहे, विशेषणं घातली नाहीत. काल पाकीट एडनामावशीकडे गेलं. तिच्याकडून आर्लीनकडे जाईल, तिथे मामाही वाचेल, आणि सगळ्यांत शेवटी तुझ्याकडे येईल. तुझं पत्र तू काढून घे, तो तुझा हक्क आहे.

माझ्या पत्राला मात्र कुणी हात लावायचा नाही. पुढच्या फेरीला मी असले तर मी काढीन. नसले तर फिरू द्या. माझी लिडिया सहा वर्षांची आहे. मोठी होऊन पाकिटात माझी जागा घेईल तेव्हा ती वाचेल, आणि तिला वाटलं तर काढेल.

डॉर्कस